विहीण सोडून सगळ्यांना

प्रमिलाकाकूंनी उभ्या आयुष्यात एकाच माणसाला प्रश्न विचारायचं टाळलं, आणि त्यापायी मला त्यांच्याबरोबर हॉलंडमधली संग्रहालयं पालथी घालावी लागली. एरवी ही बाई कोणालाही काहीही विचारायची. आमच्या न्यूनेन गावच्या आठवडी बाजारात चीजवाल्याला, "तुमच्या स्वतःच्या घरी यातलं कुठलं खातात?" असं विचारून त्याची पंचाईत करायची. आमच्या समोरचे डच आजोबा रोज सकाळी अंगणात एकच खुर्ची मांडून बसत. तशीच दुसरी एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली असे. आम्ही कित्येक वर्षं ते बघत होतो आणि सभ्यपणे हात हलवून पुढे जात होतो. काकू आमच्या गल्लीत राहायला आल्या त्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून विचारलं, "ती दुसरी कोणाची?" आजोबा आधी रडले, मग आत जाऊन कॉफी घेऊन आले. पुढे त्या दुसऱ्या खुर्चीत काकूच बसायला लागल्या.

"विचारायला काय जातं?" हे त्यांचं पालुपद. मी म्हणायचे, "अहो काकू, लोकांना राग येतो." त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. "आला तर का आला तेही विचारीन."

ही खोड मूळची धंद्यातली. काका आइंडहोवनला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होते आणि काकू तिथल्याच एका इस्पितळात रक्त काढायचं काम करत. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. सुई टोचायच्या नेमक्या वेळी त्या पेशंटला प्रश्न टाकत, "काल रात्री जेवायला काय केलं होतं?" माणूस बटाटे होते की पास्ता ते आठवत बसतो, तोवर इकडे नळी भरलेली असते. त्यांचं डचसुद्धा या असल्या प्रश्नांवरच पोसलेलं. उच्चार थेट सदाशिव पेठेतले, व्याकरण कामापुरतं, आणि भीड औषधालाही नाही. कोणी नवीन भेटलं की त्यांची नजर तोंडाआधी कोपराच्या खळगीकडे जायची. माझ्याशी ओळख झाली तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "शीर छान आहे गं तुझी." मला कळेना, थँक्यू म्हणावं की बाही खाली ओढावी.

काका गेले तशी काकूंनी आइंडहोवनचं मोठं घर विकून आमच्या गल्लीत लहानसं घर घेतलं. त्या जरा स्थिरस्थावर होतायत तोच करोना आला. शहरातलं माझं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि काकू आमच्या फाटकाशी. दीड मीटरचा नियम त्या कडक पाळत. फाटकाबाहेर उभ्या राहून, तिथून पुण्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "मृणाल, ईराचं पोट साफ झालं का गं?" ईरा म्हणजे माझी मुलगी. ती टेबलाखाली जाऊन बसायची. "अगं, गल्लीत कोणाला मराठी कळतंय?" असं मी समजवायला गेले, तर ती डचमध्ये म्हणाली, "आई, पण त्या पोटावर हात फिरवून दाखवतात!"

लस घ्यायला मीच त्यांना गाडीतून नेलं. टोचणारी पोरगी अगदी नवशिकी, सुई दोनदा उचलून परत खाली ठेवली. काकूंनी बाही वर केली आणि तिलाच विचारलं, "आई काय करते तुझी?" पोरगी सांगायला लागली, बेकरीत असते, पहाटे उठते, आणि बोलण्याच्या नादात टोचूनही झालं. बाहेर आल्यावर काकू मला म्हणाल्या, "घाबरली होती बिचारी. आता दिवसभर नीट टोचेल."

अशी ही बाई. आणि तिने एका माणसापुढे तोंडाला कुलूप घातलं. ते माणूस म्हणजे तिची विहीण.

काकूंचा एकुलता एक केदार समुद्राचा अभ्यास करायला म्हणून हवाईला गेला आणि तिथलाच झाला. त्याने पसंत केलेली मालिया तिथल्या मूळच्या लोकांपैकी, शाळेत शिकवणारी. लग्न दोनदा व्हायचं ठरलं होतं, एकदा तिथे समुद्राकाठी आणि एकदा पुण्याला कार्यालयात. करोनाने दोन्ही मांडव गिळले. शेवटी दोघांनी तिकडे कचेरीत जाऊन सह्या केल्या आणि इकडे न्यूनेनमध्ये काकूंनी पैठणी नेसून लॅपटॉपवर अक्षता टाकल्या. त्यातला एक तांदूळ कीबोर्डमध्ये अडकला तो शेवटपर्यंत निघाला नाही.

त्याच दिवशी पडद्यावर विहीणबाई पहिल्यांदा दिसल्या. नाव कालेआ. उंच, रुंद, पांढरे केस पाठीवर मोकळे, गळ्यात हिरव्या पानांची माळ. त्या हसल्या. काकूही हसल्या. पुढचे किती महिने दोघींचं संभाषण नमस्कार, हवा कशी आहे आणि पुन्हा नमस्कार, याच्या पलीकडे गेलं नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, "काकू, सगळ्या जगाला विचारता, मग यांनाच का नाही विचारत काही?"

काकू ताठ झाल्या. "मृणाल, मी वरमाय आहे. वरमायेनं विचारायचं नसतं, वरमायेला विचारायचं असतं."

घ्या! म्हणजे एरवी मानपान, रुसवेफुगवे, साडीचोळी या सगळ्याची टर उडवणारी बाई, स्वतःच्या मुलाच्या लग्नात मात्र आतून पक्की वरमाय निघाली. लग्नात मिरवायला मिळालं नाही ते सगळं आत तसंच तुंबून राहिलं होतं. पण खरी काळजी त्याच्याही खाली होती, आणि तीही त्यांनीच एकदा सांगितली. "राज्य तिकडे त्यांचं आहे गं. सून त्यांची लेक, घर त्यांच्या गल्लीत. विहीण बिनसली तर माझं नातवंड मला आयुष्यभर या पडद्यातच बघावं लागेल."

आणि नातवंड खरंच येऊ घातलं. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात केदारने बातमी दिली. तिकडचं सरकार युरोपातल्या माणसांना उतरू देत नव्हतं. काकूंनी दोन दिवस सरकारांच्या नावाने बोटं मोडली आणि तिसऱ्या दिवशी क्रोशाची सुई काढली. डोहाळजेवण ऑनलाइन करायचं, पण फुलांची वाडी स्वतःच्या हातची. खरी फुलं पोस्टाने जाणार नाहीत, म्हणून पांढऱ्या लोकरीचा मोगरा केला. मुकुट, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा आणि मनगटाएवढा जाड हार. हाराला खाली गोंडा लावला आणि वर टोकांची अशी गाठ मारली की मी ओढून बघितली तरी हलेना. "पोस्टवाल्यांनी टांगून नेला तरी सुटायची नाही," काकू म्हणाल्या. कौतुकाने दोनदा म्हणाल्या.

डोहाळजेवण आमच्या सकाळी आणि त्यांच्या संध्याकाळी झालं. मी काकूंकडे लॅपटॉप सांभाळायला. मालियाने खोका उघडला, मुकुट घातला, बाजूबंद घातले. कंबरपट्टा पुरेना म्हणून सगळे हसले. तिने कंबरपट्टा सरळ केदारच्या डोक्याला गुंडाळला. फार गोड पोरगी. मग तिने हार उचलला, आणि बाजूने एक हात आला. कालेआबाईंचा. त्यांनी हार हळूच काढून घेतला, लेकीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि हार घेऊन पडद्याबाहेर गेल्या. परत आल्या त्या रिकाम्या हाताने. मालियाने मान खाली घातली. केदार म्हणाला, "आई, गाणं म्हण ना तुझं." काकूंनी डोहाळ्याचं गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं, आवाज जराही हलू दिला नाही. मग लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसल्या.

"माझा हार उचलून नेला गं," त्या म्हणाल्या. "चार लोकांत."

केदारला फोन लावला तर तो म्हणाला, त्यांचं काहीतरी असतं गं, तू मनावर घेऊ नकोस. समुद्राच्या तळाशी काय चाललंय ते तो तासभर सांगेल, पण स्वतःच्या घरात काय चाललंय ते विचाराल तर बोंब. सुनेला विचारायचं तर ती अवघडलेली, तिला कशाला त्रास? मी म्हटलं, "मग सरळ विहीणबाईंना विचारा."

"मेले तरी नाही विचारणार. म्हणतील, एवढंही माहीत नाही आणि निघाल्या सून करायला!"

"मग कोणाला विचारणार?"

काकूंनी डोळे पुसले. "या डच लोकांनी जगभरातलं सामान आणून ठेवलंय की नाही? हवाईचंही असेल. तिथे विचारू."

अशी आमची यात्रा सुरू झाली. पहिलं संग्रहालय रॉटरडॅमला. वेळ आधी राखून ठेवायची, ट्रेनमध्ये मास्क, आत माणसामाणसात अंतर. काकू काचेपुढे उभ्या राहिल्या आणि मला कळलं की ही बाई पाटी वाचतच नाही. आधी वस्तू बघते, आणि मग पहारेकऱ्याला गाठते. झाडाची साल कुटून केलेलं कापड होतं, त्यावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी. "हे तर वल्कल! सीतामाई हेच नेसून वनात गेली," काकू म्हणाल्या आणि वळल्या. "अहो, यावर डाग पडला तर काढायचे कसा? धुतलं तर फाटणार नाही का? नेसून मांडी घालता यायची?"

पहारेकरी बिचारा म्हातारा होता. "मॅडम, यावर डाग पडू नये एवढंच माझं काम आहे."

मी हसू दाबत पुढच्या काचेकडे गेले. तिथे एक दगडी ठोकळा होता, वर मूठ, खाली गरगरीत. "बत्ता!" काकू मागून ओरडल्या. त्याने काय कुटत, ते त्यांनी माझ्याकडून पाटी वाचून घेतलं. कंद कुटत. कुठला कंद? चित्र बघितलं आणि आम्ही दोघी एकदम म्हणालो, "अळू!" पाटीवर पुढे लिहिलं होतं की ती माणसं अळवाला आपला थोरला भाऊ मानतात. आधी अळू जन्मलं, त्याच्या पाठीवर माणूस. काकूंचा चेहरा असा खुलला की मास्कवरूनही दिसला. बाहेर पडल्या त्या थेट एका सुरिनामी दुकानात, तिथे अळवासारखी मोठाली पानं मिळतात. संध्याकाळी न्यूनेनला वड्या झाल्या. चिंच जरा कमी पडली होती, घसा खवखवत होता, तरी आम्ही खात होतो.

"अळू खाणारी माणसं मनाने वाईट असूच शकत नाहीत," काकू म्हणाल्या. मग हातातल्या वडीकडे बघून एकदम थांबल्या. "अगं, म्हणजे विहिणीच्या थोरल्या भावाला आपण डाळीच्या पिठात लाटून तळला की!" आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. हसणं ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पण मग माझा हार का नेला?"

दुसरी फेरी लायडनची. तिथे एका काचेत मानाचा गळ्यातला दागिना होता, माणसाच्या केसांच्या बारीक बारीक वेण्यांचा जाड पेड आणि मध्ये आकड्यासारखा लटकवलेला मोठा दात. फक्त सरदारांच्या घरातली माणसं तो घालत. काकू काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, झालं. आणि झालंच.

"कळलं! मृणाल, कळलं मला! यांच्याकडे मानाचा हार केसांचा असतो. आणि मी काय पाठवलं? लोकर! तीही सेलमधली, निम्मी नायलॉन. अपमान झाला गं त्यांचा. आता पुण्याहून रेशीम मागवते, जर मागवते, असा हार करते की..."

"काकू, बास," मी म्हटलं. माझीही सहनशक्ती संपली होती. सुट्टी काढून आले होते, पाय दुखत होते. "तुम्हाला काही कळलेलं नाही. तुम्ही नुसते अंदाज ठोकताय. पेशंटचं रक्त न काढताच रिपोर्ट लिहिला असता का तुम्ही?"

हे मात्र लागलं. काकू बाकावर बसल्या. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. तेवढ्यात पहारेकरणीने, काकूंच्या सरबत्तीला कंटाळून असेल, आतून त्या विभागाच्या बाईंना बोलावलं होतं. अनेके नाव, तिशीची असेल, सायकलवरून आत्ताच उतरल्यासारखे केस. काकूंनी सवयीने सुरुवात केली. हे केस कोणाचे? जिवंत माणसाचे की मेलेल्याचे? उवा झाल्या तर? अनेके आधी दचकली, मग अंतर ठेवून जमिनीवरच मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हे मला कोणी कधी विचारलंच नाही." अर्धा तास दोघींचं रंगलं. मी मोबाइलवर ऑफिसच्या मेल बघत राहिले.

मग काकूंनी आवाज खाली आणला. "समजा हं, एका बाईने पोटुशी सुनेला हार पाठवला. आणि सुनेच्या आईने तो घालूच दिला नाही."

अनेकेने विचारलं, "हार बंद होता की उघडा?"

"म्हणजे?"

"दोन्ही टोकं एकत्र बांधली होती?"

"टोकं बांधली नाहीत तर तो हार कसला? ती दोरी झाली," काकू म्हणाल्या.

अनेकेने काचेतल्या दागिन्याकडे पाहिलं. "मी याबद्दल थोडं वाचलंय," ती म्हणाली. "पण सांगत नाही. आमची सवयच आहे ती, दुसऱ्याच्या घरातलं आम्हीच सांगायचं. हा काचेतला दागिना कोणी केला, कोणाच्या गळ्यात होता, मी रोज याला विचारते. तो बोलत नाही. त्या बाई तर जिवंत आहेत ना? मग त्यांना विचारा की."

काकू उठल्या आणि काही न विचारता दाराकडे चालायला लागल्या. त्यांना तसं मी पहिल्यांदाच बघितलं. परतीच्या ट्रेनमध्ये आइंडहोवन येईपर्यंत त्या खिडकीबाहेर गाई बघत होत्या. स्टेशनवर उतरताना मास्कमधून म्हणाल्या, "वरमायेनं विचारायचं नसतं."

"बरं," मी म्हटलं.

"पण रक्त काढणाऱ्या बाईनं विचारायला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. पैठणी नव्हती, साधी सुती साडी होती, तिच्यावर घरातला स्वेटर. लॅपटॉप लावला. तिकडे कालेआबाई व्हरांड्यात बसलेल्या, मागे संध्याकाळ. नमस्कार झाला, हवा कशी आहे झालं. मग काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली. या वेळी सुई त्यांनाच टोचत होती.

"कालेआ, माझा हार कुठे आहे?"

त्या बाई उठून आत गेल्या. काकूंनी माझा हात धरला, एवढा घट्ट की माझी छान शीर टरारून वर आली. कालेआबाई परत आल्या त्या हार घेऊन. लोकरीचा मोगरा, गोंडा, सगळं जसंच्या तसं. "माझ्या आईच्या फोटोजवळ टांगून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी विचाराल म्हणून वाट बघत होते. तुम्ही विचारलंच नाहीत. मला वाटलं, तुम्ही रागावलात. इतक्या मायेने केलेली वस्तू, त्यातली चूक तोंडावर कशी काढू?"

मग त्यांनी सांगितलं. पोटुशी बाईच्या गळ्यात बंद हार घालत नाहीत. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो म्हणतात. तिच्या गळ्यात उघडा हार घालायचा, दोन्ही टोकं मोकळी लोंबती सोडायची.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता रडणार. पण त्या माझ्याकडे वळून मराठीतच बोलायला लागल्या. "अगं, केदारच्या वेळी मी अडले होते. मी इस्पितळात, आणि तिकडे सासूबाईंनी घरातल्या एकूण एक गाठी सोडल्या. कपाटं उघडली, कुलपं काढली, डब्यांची झाकणं काढली, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरासुद्धा सोडला. आणि माझ्यापाशी येऊन माझी वेणी सोडली. मी तेव्हा त्यांना हसले होते! एवढी इस्पितळात काम करणारी मी, मला कसं पटणार? आणि बघ, मीच सुनेला गाठ मारून पाठवली. तीही सुटू नये अशी!"

मग हेच सगळं त्यांनी कालेआबाईंना आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. हाताने कपाटं उघडून दाखवली, बरण्या उघडून दाखवल्या, वेणी सोडून दाखवली. कालेआबाई ऐकत होत्या, त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "तुमच्या सासूबाई मला आवडल्या असत्या," त्या म्हणाल्या.

"मग सोडा ती गाठ," काकू म्हणाल्या.

सुटते कुठली! कालेआबाईंनी नखं लावली, दात लावले. केदार सुरी घेऊन आला तशी काकू इकडून कडाडल्या, "सुरी नको लावू, मेल्या!" शेवटी केसातला आकडा घालून घालून, सगळ्या बेटावरच्या माणसांचा जीव टांगणीला लावून, ती गाठ सुटली. मालियाला हाक गेली. तिच्या गळ्यात तो हार शालीसारखा पडला, दोन्ही टोकं पोटावर मोकळी. काकूंना इतकं बरं वाटलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मोठ्याने रडल्या.

डोळे पुसून होतायत तोच कालेआबाईंनी विचारलं, "आता माझा एक प्रश्न. तुमच्यात मुलाच्या आईला काय देतात? मला माहीत नाही, म्हणून इतके दिवस बोलायची भीती वाटत होती."

"छे छे, मला कशाला काय?" काकू म्हणाल्या. मी मनात आकडे मोजायला लागले. पाचही झाले नसतील. "पण विचारलंतच म्हणून सांगते. साडी देतात."

साडी तिकडे कुठून मिळणार? पार्सलमधून आला तो पायघोळ, ढगळ, लाल जास्वंदी छापलेला तिथला झगा. काकू तो घालून शरद ऋतूतल्या न्यूनेनमध्ये सायकलवर फिरल्या, आत थर्मल, वर कोट, खाली जास्वंदी. समोरच्या आजोबांनी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या. "विहिणीकडचं आहे," काकू सगळ्यांना सांगत होत्या, कोणी न विचारता.

नोव्हेंबरमध्ये तिकडचे दरवाजे उघडले. काकूंनी पहिल्या मिळालेल्या विमानाचं तिकीट काढलं. बाळाला अजून थोडे दिवस होते. निघताना मला घराची किल्ली दिली. "हीटिंग कमीवर ठेव, झाडांना पाणी घाल. आणि आत काहीही आवरू नकोस. ऐकलंस? तुला खाज असते आवरायची, म्हणून सांगते."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते स्किपोल विमानतळावर. तीन महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या काकू तिकडेच राहिल्या, परत आल्याच नाहीत. पुढे केदारने येऊन न्यूनेनचं घर विकलं, त्यालाही आता बरेच दिवस झाले. पण तेव्हा हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. त्या दिवशी अंगावर झगा, कोट, मास्क, आणि गळ्यात नवीन केलेला हार, दोन्ही टोकं मोकळी. तपासणीच्या रांगेत शिरताना माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. बुटांच्या लेस सुटून जमिनीवर लोळत होत्या.

"काकू, लेस! पडाल!"

त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. हात वर करून हलवला फक्त. "असू दे," म्हणाल्या, आणि पुढच्या पोलिसाला काहीतरी विचारायला लागल्या. तो हसताना दिसला, मग ट्रॉल्यांची गर्दी आडवी आली.

परतताना मी त्यांच्या घरी थांबले. दार उघडलं आणि दारातच उभी राहिले. घरातलं प्रत्येक कपाट उघडं होतं. टेबलाचे खण, स्वयंपाकघरातल्या फडताळांची दारं, ओव्हन, धुण्याचं यंत्र, सगळं सताड उघडं. डब्यांची झाकणं काढून शेजारी ओळीने मांडलेली. पडद्यांचे बंद सोडलेले. ओट्यावर लोणच्याची बरणी, तिचा दादरा सोडलेला, वर नुसतं फडकं टाकलेलं. माझा हात सवयीने पहिल्या खणाकडे गेला. मग मी तो मागे घेतला, झाडांना पाणी घातलं, आणि बाहेर येऊन पायरीवर बसून मनसोक्त रडले. पुढे रोज जात होते. त्या उघड्या दारांना गुडघे आपटत होते, शिव्या देत होते, पण एकाही दाराला हात लावला नाही.

डिसेंबरमधल्या एका सकाळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. नुसता आवाज, फाटकाशी उभं राहून ओरडायच्या तसाच.

"मृणाल! जा, कपाटं लाव आता!"

आणि फोन बंद. मी मीटिंग तशीच टाकून चपलांवर धावत रस्ता ओलांडला. एकेक खण आत ढकलला, एकेक झाकण लावलं, पडदे बांधले. शेवटी बरणीतली एक फोड तोंडात टाकली आणि दादरा घट्ट बांधला. मग लक्षात आलं की मुलगा की मुलगी, तेच सांगायचं त्या विसरल्या होत्या. ते मला फोन लावून विचारावं लागलं.